रेडिएटरमधले बुडबुडे

"हेड गॅस्केट गेलं. इंजनच खोला लागते," भुपेंद्रने निकाल देऊन टाकला. "चार दिवस पकडा."

खुशाल ड्रायव्हर तिथेच टायरवर मटकन बसला. शहापूरच्या या गॅरेजसमोर उभ्या असलेल्या त्याच्या ट्रकमध्ये एका नाटक मंडळीचा अख्खा रंगमंच भरलेला होता. प्रयोग आजच होता, दिघोरीच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत.

"पाच गावचे लोक येऊन राहिले, भाऊ," मंडळीची मालकीण रिता म्हणाली. "स्टेजच नाही पोचला त पुढच्या साली आमाले बोलवन कोन?"

कोपऱ्यात पार्ट धूत बसलेल्या सोमाजींना यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. चाळीस वर्षं इंजिनांच्या धडधडीत काढून कान पार गेले होते. एके काळी नुसत्या आवाजावरून गळती सांगणारा मिस्त्री. पण आता गॅरेज पुतण्याचं, भुपेंद्रचं, आणि काकाला कोणी काही विचारत नसे. रिताचा उतरलेला चेहरा मात्र त्यांना दिसला. हात पुसत ते उठले.

"गॅस येऊन राहिला पान्यात," भुपेंद्रने समोर येऊन ओठ ठळक हलवत सांगितलं. इंजिन चालू होतं, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे फुटत होते. खूण तर हेड गॅस्केटचीच, म्हणजे इंजिनाचं सील फुटून त्याचा गॅस पाण्यात शिरल्याची.

सोमाजींनी ऑइल बोटांवर चोळून पाहिलं. स्वच्छ, पाण्याचा अंशही नाही. सायलेन्सरच्या धुरात तळहात धरला. कोरडा. मग रेडिएटरपाशी येऊन ते नुसते पाहत उभे राहिले.

आणि बुडबुडे थांबले. कोणी काही केलं नव्हतं.

त्यांनी केबिनमध्ये डोकावलं. ब्रेकच्या हवेच्या मीटरचा काटा वर जाऊन टेकला होता; हवेची टाकी भरली होती.

"खुशाल, वर चढ, ब्रेक मार! मारत राय!"

हवा खर्च झाली, काटा खाली आला, बुडबुडे पुन्हा सुरू. टाकी भरली, पुन्हा बंद. सोमाजींनी तीनदा तेच करून पाहिलं.

"हेड नाही. टाकीत हवा भरनारा कंप्रेसर!" ते ओरडलेच.

"काका, ब्रेकच्या हवेचा न् पान्याचा काय संबंध?" भुपेंद्रने पुन्हा समोर येऊन विचारलं.

"कंप्रेसर थंड कराले इंजनचंच पानी फिरते न बापा! त्याचं गॅस्केट फुटलं. हवा पान्यात घुसून राहिली, अन् पानी हवेत."

ते ट्रकखाली सरकले आणि त्यांनी हवेच्या टाकीचा ड्रेन ओढला. हवेच्या झोतासोबत हिरवं पाणी भस्सकन जमिनीवर आलं. भुपेंद्रने त्यात बोट बुडवलं. रेडिएटरमधलंच कूलंट! तो मोटरसायकल काढून स्वतःच गॅस्केट आणायला भंडाऱ्याला गेला.

अडीच तासांनी इंजिन पुन्हा सुरू झालं. अर्धा तास सगळे रेडिएटरवर ओणवे. एकही बुडबुडा नाही. खुशालने सोमाजींना कडकडून मिठीच मारली.

"काका," भुपेंद्र त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला, "उद्या लाखांदूरची गाडी येऊन राहिली. हवा कुठून गळते, कोनालेच समजत नाही. पायता काय?"

"पायतो न. काहून नाही पायीन?"

रिताने केबिनचं दार उघडलं. "चला मामाजी, नाटक पाहाले."

"मले काय आयकू येते, बाई?"

"पाहाले त येते न!"

सोमाजी हसत वर चढले. रिता मागे फळ्यांवर जाऊन बसली. केबिनमधली तिची जागा आज मिस्त्रींची होती. ट्रक हायवे सोडून धानाच्या शेतांमध्ये, बांध्यांमध्ये शिरला, तेव्हा उन्हात सगळीकडे कापणी चालली होती. एका बांधीतल्या बायांनी नाटकाचा ट्रक ओळखून विळे धरलेले हात उंचावले. सोमाजींनीही आपला ग्रीसने काळा झालेला हात खिडकीबाहेर काढला.