लाभार्थींनी मंचावर यावे

स्वयंसेवेला खेळाची जोड द्यायची, ही अक्कल माझ्या धाकट्या बहिणीची. ती स्वयंसेवकांच्या संस्थेत नोकरीला. मी वस्तीतल्या बायकांच्या फुटबॉल संघाची कोच.

"ताई, तुझ्या बायका दणकट, आणि आमच्याकडे माणसांची बोंब. रविवारी तुम्ही वृद्धाश्रमात हातभार लावा. आमची पोरं मैदानावर फक्कीच्या रेघा मारतील, जाळी बांधतील."

सख्खी बहीण. मी हो म्हटलं.

बायका कुरकुरल्या. आमची गोलकीपर बस चालवते, तिला सगळे भिंत म्हणतात. "आठवडाभर लोकांनाच वाहते. आता रविवारीही?" पण माझ्या शब्दाखातर सगळ्या आल्या. शिंपीणबाईंनी आश्रमाचे पडदे शिवले. भिंतीने निवृत्त हेडमास्तरांना खुर्चीतून उचलून न्हाणीघरात न्यायचं काम घेतलं. म्हाताऱ्याच्या जिभेला हाड नाही. "हळू गं, मी चेंडू नाही." भिंत म्हणायची, "चेंडू असतात तर एव्हाना लाथ बसली असती." दोघांचं चांगलंच जमलं.

संस्थेची पोरं मैदानावर एकदाच आली. फोटो काढले, काळे बूट फक्कीने पांढरे झाले म्हणून तोंडं वाकडी केली आणि गेली. पुढे रेघा आम्हीच मारल्या. धाकटी म्हणाली, "परीक्षा आहेत गं त्यांच्या." बाराही महिने परीक्षा.

त्यात मैदानच जायची पाळी आली. पालिकेला तिथे गाड्या उभ्या करायच्या होत्या. धाकटीने निरोप दिला, "आमच्या कार्यक्रमाला पालिकेचे साहेब येतायत. सगळ्यांना घेऊन ये, मैदानाचं करून देते." आम्ही जर्सी धुऊन, इस्त्री करून गेलो.

पुढच्या रांगेत तीच पोरं, गळ्यात स्वयंसेवकांचे पट्टे घालून. त्यांचे सत्कार झाले, वृद्धसेवेबद्दल. मग निवेदिका म्हणाली, "आता लाभार्थींनी मंचावर यावे."

आम्ही वळून मागच्या रांगेत आणून बसवलेल्या आश्रमातल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. ते आमच्याकडे पाहत होते. तेवढ्यात मंचामागच्या पडद्यावर आमचा फोटो झळकला. खाली लिहिलेलं, उपेक्षित महिलांना संस्थेने दिला खेळ.

धाकटीला दाराशी गाठलं. "हे काय?"

"ताई, आवाज कमी. मदत करणाऱ्यांना मैदान मिळत नाही. मदत घेणाऱ्यांसाठी योजना आहे."

"आणि आश्रमात आम्ही राबलो ते?"

"ते पोरांच्या नावावर दाखवलंय. त्यांना पुढे नोकरीला उपयोग होतो. तुम्हाला काय फरक पडतो?"

लहानपणी हिची वेणी मी घालायचे. त्या क्षणी तीच धरून ओढावीशी वाटली.

मी संघाकडे गेले. "उठा. घरी चला."

भिंत बसूनच म्हणाली, "मैदान पाहिजे ना?"

"पाहिजे."

"मग सरक बाजूला."

ती मंचावर चढली. मागोमाग शिंपीणबाई, मग सगळ्याच. मी वर गेले नाही, खुर्चीत बसले. साहेबांनी प्रत्येकीला गुलाब दिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मागून हेडमास्तरांचा खणखणीत आवाज आला, "ही लाभार्थी, तर मग मी कोण? मला रविवारी उचलतं कोण?"

सभागृह हसलं. म्हातारा चळला असं वाटलं असणार. धाकटीने माझं कोपर धरलं, "त्यांना गप्प कर ना ताई." मी कोपर सोडवून घेतलं आणि बोलायला उभी राहिले. सगळं बाहेर काढणार होते, बहिणीसकट. मंचावरून भिंतीने माझ्याकडे पाहून मान हलवली. एवढीशी. नको.

मी खाली बसले.

मैदान राहिलं. रविवारी आश्रमात मी एकटीच पोचले. संघातलं कुणी नाही, संस्थेचं तर नाहीच. हेडमास्तर म्हणाले, "आज माझी बस चुकली वाटतं." मी त्यांना उचलून पाहिलं. कंबरेत कळ आली, ते अर्धे घसरले, दोघंही घाबरलो. ओल्या फडक्याने अंग पुसून दिलं. शेवटपर्यंत त्यांनी खुर्चीचा हात सोडला नाही.

संध्याकाळी मैदानावर भिंतीला विचारलं, "आली का नाहीस?"

ती हातमोजे चढवत म्हणाली, "लाभार्थी कधी राबायला जातात का? लाभ घेतात."

सगळ्या हसल्या.

"हेडमास्तर वाट बघत होते."

"त्यांना तुझ्या बहिणीची पोरं उचलतील. पट्टे मिळालेत त्यांना." हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "तुझ्या शब्दावर गेलो होतो आम्ही. आता वाजव शिट्टी, अंधार पडेल."

मी शिट्टी वाजवली. खेळ सुरू झाला. म्हातारा कसा घसरला, ते तिला सांगायचं राहूनच गेलं. खरं म्हणजे, मी सांगितलं नाही.