शनीचा आठकोनी मणी

"लोखंड काढा! पिना, किल्ल्या, विळे, समदं बाजूला ठिवा! लोखंडापुढं माझा मणी मुका व्हतो!"

शनिवारी पारावर झुंबरबाबा ओरडत होता आणि औंढ्याजवळचं ते अख्खं गाव त्याच्या हाताकडे डोळे लावून बसलं होतं. दोरीला टांगलेला काळा दगड, आठ कोन पाडलेला, घासून इतका चकचकीत केलेला की त्यात माणसाचं तोंड दिसावं. म्हणे शनीच्या घरून खाली पडला. शनीचं घर भलतंच गळकं दिसतंय, असं शिवहार गुरुजींच्या मनात आलं. पण गावात राहून नोकरी करायची होती.

मसाजीच्या एकोणीस मेंढ्या एका दिवसात पाय झाडून मेल्या होत्या. करणी कोणी केली, ते मणी सांगणार होता. बायका ओळीनं उभ्या केल्या होत्या. 'करणी बाधू नये' म्हणून बाबानं आदल्या दिवशीच प्रत्येकीच्या गळ्यात तांब्याचा ताईत बांधला होता.

मणी धुरपताबाईच्या गळ्यापाशी आला, हलला नाही. आशाबाईपाशीही नाही. मसाजीची विधवा भावजय सुभद्राबाई पुढे आली, तसा तो झेपावला आणि टच्चकन तिच्या ताईताला चिकटला.

"बोल माय, कशापायी खाल्ल्यास मेंढ्या?"

"म्या काहून खाऊ? कोकरं असल्यापासून म्याच तर..."

पुढचं तिला बोलू दिलं नाही. मंत्र म्हणता येऊ नये म्हणून करणीवालीचे दात पाडायचे, हा तिथला जुना रिवाज. मसाजीनं दगड उचलला. शिवहार गुरुजी उठले आणि पुन्हा खाली बसले.

सोमवारी चौथीच्या वर्गात चुंबकाचा धडा होता. टाचणी टेबलावरून उडाली आणि टच्चकन चुंबकाला चिकटली. पोरं हसली. गुरुजींचा हात मात्र तिथंच थांबला. बाबानं पिना का काढायला लावल्या होत्या?

शाळेचा चुंबक खिशात घालून त्यांनी हिंगोलीची एसटी पकडली. दवाखान्यात सुभद्राबाई सुजल्या तोंडानं पडली होती. ताईत अजून गळ्यातच होता, नर्सलाही तिनं काढू दिला नव्हता. चुंबक जवळ नेताच ताईत त्याला येऊन चिकटला. गुरुजींनी तो फोडला. आत तोडलेला खिळा होता.

तिनं खिळा हातात घेऊन पाहिला. मग फुटक्या ओठांतून म्हणाली, "शनवारी तुमी उठलात आन् पुन्ना बसलात, ते बघितलं म्या, गुर्जी. तवाच काहून न्हाई इचारलं?"

गुरुजींनी खिळा खिशात घातला. लाज घेऊनच ते संध्याकाळी पारावर उभे राहिले. सगळ्यांसमोर आशाबाईचा ताईत फोडला, आत नुसती राख. शेजारी तो खिळा ठेवला. बाबाचा मणी म्हणजे चुंबकी दगड, घासून कोन पाडले एवढंच. बाबा मसाजीच्या कळपातला धडधाकट एडका घेऊन केव्हाच पसार झाला होता. मेलेल्या मेंढ्यांच्या पोटात गुरुजींनी हिंगोलीहून आणलेल्या गुरांच्या डॉक्टरांना कपाशीवर फवारायचं विष सापडलं. फवारणीचा पंप धुतलेल्या डबक्यात मेंढ्या पाणी प्याल्या होत्या. पंप धुणारा खुद्द मसाजी.

"तिचं नाव बाबाच्या कानात म्याच घातलं," मसाजी खाली मान घालून बोलला. "तिच्या हिश्श्याचं रान..."

पारावरचे एकेक जण उठून घराकडे निघाले. शनिवारी आरडाओरडा करणारे हेच सगळे.

गुरुजी अजूनही तो खिळा टेबलाच्या खणात ठेवतात आणि दर वर्षी चौथीच्या पोरांना दाखवतात. सांगतात, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हे कसं झालं? तेव्हाच विचारा, दोन दिवसांनी नको. ज्यांचे दात शाबूत आहेत, त्यांनी तरी तोंड उघडलं पाहिजे.