तीनच बार

१९८९ सालच्या जून महिन्यात, नव्या कायद्याची मुदत संपत आली असताना, एनिड ग्रमिटने जुन्या पलंगपोसात गुंडाळलेली बंदूक लेन सोल्सबीच्या कामाच्या टेबलावर ठेवली. गाठ सोडायला लेनने हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला आणि गाठ स्वतःच सोडली.

"नेव्हिलची," ती म्हणाली. जणू लेनला तिच्या मुलाची बंदूक ओळखू येणार नव्हती.

"विल्फ कुठंय?"

"बाहेर बसलाय. परवाना त्याच्या नावावर, म्हणून आला. नाहीतर आला नसता."

लेनने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"विल्फ्या, आत ये की लेका! बंदूक काही चावत नाही."

"तुझा चहा चावतो," बाहेरून उत्तर आलं. पण एनिडचा नवरा विल्फ बाकावरून हलला नाही.

लेनचं दुकान ग्रेंथबीच्या शेवटच्या टोकाला होतं, समुद्राच्या बांधाला अगदी लागून. बांधापलीकडे खारं गवत, मग चिखल, मग इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरची वॉशची खाडी. भरती आली की चिखलातल्या ओहोळांतून पाणी आधी मागच्या बाजूने चढतं आणि समोर अजून कोरडंच दिसत असतं. हिवाळ्यात रानबदकं टिपायला जाणारी आमच्याकडची माणसं हे लहानपणीच शिकतात. नेव्हिलही शिकला होता. पण चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, दिवस मावळताना धुकं उतरलं आणि तो परत आला नाही. बंदूक दुसऱ्या दिवशी सापडली, चिखलात उभी रोवलेली. नेव्हिल सापडायला आठवडा गेला.

आता सरकारने बंदुकांचा कायदा बदलला होता. दक्षिणेकडच्या एका गावात एका माणसाने भर रस्त्यात लोकांना गोळ्या घातल्या, त्यानंतरचं हे सगळं. छऱ्याच्या बंदुकीच्या मॅगझिनमध्ये दोनपेक्षा जास्त काडतुसं मावत असतील, तर वेगळा, फार कडक परवाना हवा. तो मिळायचा नसेल, तर मॅगझिन कायमचं आवळून घ्या. नाहीतर बंदूक पोलिसांना देऊन टाका, ते तिचे तुकडे करतील. नेव्हिलच्या बंदुकीच्या नळीखालच्या मॅगझिनमध्ये चार मावायची आणि वर तोंडाशी, म्हणजे उडायला तयार, एक.

विल्फचं म्हणणं, देऊन टाकू. एनिडचं म्हणणं, नाही. कपडे तिने वाटून टाकले होते, सायकल पुतण्याला दिली होती. पण बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर एका जागी नेव्हिलचा गाल घासून रंग उतरला होता, आणि तिथे बोटं ठेवून ती कधीकधी कपाटाशी उभी राहायची. ती जागा तुकडे करणाऱ्यांच्या हाती द्यायची नाही, एवढंच तिला कळत होतं.

"मॅगझिनची नळी बाहेरून चेमटवायची," लेन समजावू लागला. "आत दोनच मावतील. पुन्हा कुणाला उघडता येणार नाही. मग वरून सरकारी शिक्का."

"फार विद्रूप दिसेल?"

"जखमेचा व्रण दिसतो ना, तेवढंच." त्याने बंदूक उचलून तोलली. "आत दोन, तोंडाशी एक. तीनच बार. आपल्या बापाच्या वेळी तर दोनच असायचे, तरी बदकं खातच होतो की. तीन ऐकू आले म्हणजे—"

तो थांबला. पुढचं ग्रेंथबीत कुणालाच सांगावं लागत नसे. सगळ्यांकडे दुनळी बंदुका होत्या तेव्हा बांधापलीकडून येणारा आवाज एक किंवा दोन बारांचा. मुद्दाम, सारखं अंतर राखून तीन बार काढले, की अर्थ एकच: अडकलोय, या. हातातलं काम टाकून, दोर आणि फळ्या घेऊन माणसं निघायची. मग नेव्हिलने साखर कारखान्याच्या पगारातून ही पाच बारांची बंदूक घेतली. तीन, चार, पाच, कधीही धडधडायची. पहिल्या हिवाळ्यात लोक दोनदा दोर घेऊन धावले आणि शिव्या घालत परतले. विल्फ तिला 'आमचा तोफखाना' म्हणायचा. पुढे तिकडच्या आवाजाला कुणी मान वर करीनासं झालं.

"बोल की," एनिड म्हणाली. "त्यानेही तीनच काढले. चिखल धुताना उरलेली दोन काडतुसं तूच तर काढलीस."

"हो."

"त्याने हाक मारली होती. वारा जमिनीकडून समुद्राकडे होता, म्हणून पोचली नाही. मी शहरात, फुलांच्या शेडमध्ये कामाला. विल्फ घरात होता, मागचं दार उघडं टाकून बूट साफ करत. त्यालासुद्धा काही ऐकू आलं नाही." हे ती पाठ केल्यासारखं बोलली, चार वर्षं या वाक्यांवर टेकूनच ती उभी होती. "मुलगा हुशार होता माझा. घाबरला नाही. रीतीप्रमाणे केलं त्याने."

लेनने उगाच एक स्क्रूड्रायव्हर उचलला, पुसला आणि परत ठेवला.

"दुपारपर्यंत होईल," तो म्हणाला.

दुपारी दोघं परत आली. विल्फ पुन्हा त्याच बाकावर बसला. लेनच्या चहाचा पेला मात्र या वेळी त्याने घेतला. "गोड आहे की कडू, कळायला मार्ग नाही," तो पुटपुटला. लेन हसला. शिक्क्याला पाठवण्याआधी बंदूक नीट चालते का ते पाहायला हवं होतं. तो काडतुसं खिशात टाकून बांधावर चढला. एनिड दाराशी उभी राहिली.

रिकाम्या खाजणावर लेनने पहिला बार काढला. काडतूस बाहेर पडलं, त्याने वाकून पाहिलं, पुढचं नीट वर चढलंय याची खात्री केली आणि दुसरा काढला. पुन्हा वाकला. मग तिसरा. कामाच्या सवयीने तिन्हींमधलं अंतर अगदी सारखं पडलं.

पेला फुटल्याचा आवाज आला. एनिडने वळून पाहिलं तर बाक रिकामा. विल्फ बांधावर चढत होता, हातांनी गवत धरत. साठी उलटलेला माणूस लेनच्या शेजारून त्याला न बघता गेला, पलीकडे उतरला, बाजाराला जायच्या चांगल्या बुटांनिशी चिखलात शिरला आणि एक हात उंच करून धावत सुटला.

"आलो!" तो ओरडत होता. "आलो रे, आलो!"

पहिल्या ओहोळाच्या काठाशी तो थांबला. ओहोटी होती. समोर कुणी नव्हतं. वर चंडोल गात होते. त्याचा हात बराच वेळ तसाच वर राहिला.

लेनने बंदूक खाली केली. "एनिड, मला सुचलंच नाही गं. त्याला एकदम—"

"मी बघते," एनिड म्हणाली.

ती सावकाश उतरली. विल्फने मागे वळून पाहिलं नाही.

"मला वाटलं, बदकांवर चालवतोय," तो म्हणाला. "तो नेहमीच तसा—"

एनिड त्याच्या पाठीकडे बघत राहिली. कोटाची शिवण खांद्यापाशी उसवली होती. बार झाल्यावर किती वेळ बूट साफ करत बसलास, एवढं एकच तिला विचारायचं होतं.

"बुटांचं काय करून ठेवलंस बघ," शेवटी ती म्हणाली. "चल. कोंबड्यांना खायला घालायचंय."

"एनिड, मी—"

"चल म्हणते ना."

तिने त्याचं कोपर धरलं. चिखलात एकमेकांना सावरत दोघं बांधापर्यंत आली.

दुकानात तिने पलंगपोसाची घडी केली आणि काखेत घेतली.

"शिक्क्याला पाठवू नकोस," ती लेनला म्हणाली. "पोलिसांना देऊन टाक."

"अगं, आत्ता कुठे कायद्यात बसली! तूच तर इतके महिने—"

"दे म्हटलं ना, लेन."

टेबलाकडे न बघता ती बाहेर पडली.

त्या शरद ऋतूत बंदुकीचे तुकडे झाले. लेनने पुढे दुकान बंद केलं आणि तो स्केग्नेसला बहिणीकडे राहायला गेला. तिथे घड्याळं दुरुस्त करायचा म्हणतात. ग्रमिटांच्या कपाटात एनिडने मुरंब्याच्या बरण्या लावल्या. नव्वदी गाठून ती आमच्या जवळच्या बोस्टन शहरातल्या वृद्धाश्रमात वारली. खाडीकडची नको म्हणून खोली तिने बाजाराच्या बाजूची मागून घेतली होती.

विल्फ तिच्या बराच आधी गेला. शेवटची काही वर्षं त्याला ऐकू येईनासं झालं होतं. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं, पण ते डबीतून कधी बाहेर आलं नाही. घरी येणारी नर्स रागवायची, की बायकोनेच आग्रह करायला हवा. एनिडने एकदाही केला नाही. त्याला काही सांगायचं असलं की ती जवळ जाऊन त्याच्या बाहीला हात लावायची, आणि तो वळून तिच्या ओठांकडे बघायचा.