पैलवानाचं खरं वजन

मित्रांनो, थांबा. लगेच माझ्यावर उभे राहू नका. आधी माझं ऐकून घ्या आणि मग ठरवा माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही.

मी एक जुना वजनकाटा आहे. बाथरूमच्या दाराशी पडलेला असतो ना, चौकोनी, वर काळं खरखरीत रबर, पुढे काचेची खिडकी आणि खिडकीत एक लाल सुई, तो मी. माझ्या रबराचा एक कोपरा कुरतडलेला आहे. कोणी कुरतडला ते पुढे येईलच. कुरतडला ते बरंच झालं, मला तेवढी शिक्षा हवीच होती.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे जाड चष्म्याचा एक तपासनीस होता. तो प्रत्येक काट्यावर लोखंडी वजनं ठेवायचा आणि नाक काचेला लागेल इतका वाकून सुई बघायचा. माझी सुई बरोबर जागी थांबली तेव्हा त्याने मला थोपटलं आणि म्हणाला, "हा गुणी आहे." ते माझं पहिलं कौतुक. तेवढंच हक्काचं. त्यानंतर माझं जे काही कौतुक झालं, ते मी खोटं बोललो म्हणून झालं.

कारखान्यातून मी दुकानात गेलो आणि दुकानातून एका घरात. एका बाईंना त्यांच्या मैत्रिणीने मला वाढदिवसाची भेट म्हणून दिलं. वाढदिवसाला वजनकाटा देणारी मैत्रीण कसल्या काळजाची असते, देव जाणे. बाई "अय्या, किती छान!" म्हणाल्या आणि पाहुणे गेल्यावर मला पायाने पलंगाखाली सरकवलं. तिथे माझ्या सोबतीला एक कुलूप हरवलेली बॅग होती आणि एक फुटका टेबलफॅन. आम्ही तिघं एकमेकांवर धूळ उडवत पडून होतो.

या बाईंना घरात सगळे आत्या म्हणायचे. घर त्यांच्या भावाचं, म्हणजे दादाचं, आणि वहिनीचं. दादाची मुलगी चिमणी आत्याच्या गळ्यातला ताईत. आत्या घरीच शिवणकाम करायची. गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेताना ती अर्धा इंचही सोडायची नाही. "ताई, श्वास सोडा. पोट आत ओढून माप घेतलं तर ड्रेस तुम्हाला नाही, तुमच्या फोटोला बसेल," असं तोंडावर सांगायची. अशी ती खरी बाई. पण खरं बोलायचं ते फक्त दुसऱ्याच्या कमरेबद्दल.

एक दिवस शेजारच्या काकू ब्लाउज टाकायला आल्या आणि सहज म्हणाल्या, "माझं वजन त्रेसष्ट आलं हो. तुमचं किती?"

"बासष्ट," आत्या म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही.

काकू गेल्या आणि मला पलंगाखालून फरफटत बाहेर काढण्यात आलं. आत्या चढली. सत्तर. ती उतरली, कानातले काढले, चष्मा काढला, केसांचा चिमटा काढला, परत चढली. सत्तर. मग तिने फुंकर मारून सगळा श्वास बाहेर सोडला. मी काय करणार? सत्तर.

तेव्हा तिला माझ्या कडेचं छोटं चाक सापडलं. सुई शून्यावर आणायला असतं ते. आत्याने ते उलटं फिरवलं, अजून फिरवलं, आणि सुई शून्याच्या मागे आठ घरं गेली. आता ती चढली तेव्हा खिडकीत बासष्ट दिसलं.

"आलास ना वठणीवर! किती गुणाचं बाळ ते!" ती म्हणाली आणि ओढणीने माझी काच पुसली.

आणि मित्रांनो, मला बरं वाटलं. इतकी धूळ खाल्ल्यावर कोणी काच पुसली की बरं वाटतंच. चाक तिने फिरवलं, पण सुई माझी होती. तपासनीस माझ्यासमोर वाकलाय असं मला एकदा वाटून गेलं. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

तेव्हापासून मी बाथरूमच्या दाराशी आलो आणि आमचा रोजचा कार्यक्रम ठरला. सकाळी चाक मागे, आत्या वर, बासष्ट, कौतुक, चाक पुढे. एकदा ती चाक पुढे करायला विसरली. दादा चढला. त्याला आपण आठ किलो उतरलोय असं दिसलं. त्या आनंदात त्याने फिरायला जाणं बंद केलं आणि दोन केक आणले. दुसऱ्या दिवशी चाक जागेवर, दादा पुन्हा वर, आणि एका रात्रीत आठ किलो वाढलेले! बिचारा आठवडाभर काकड्या खात बसला. आत्या त्याच्यासमोर त्या सोलून ठेवायची आणि तोंडातून अवाक्षर काढायची नाही. मी पण नाही.

मग पिल्लू आलं.

चिमणीने त्यासाठी वर्षभर घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी दादाने ऑफिसातल्या एकाकडून खोक्यात घालून आणलं. तपकिरी, मऊ, दोन महिन्यांचं, आणि चारही पाय चार दिशांना. आल्या आल्या त्याने माझ्यावर शू केली आणि मग माझा कोपरा चावायला घेतला.

दादाने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. दादाला फोन स्पीकरवर ठेवायची सवय आहे, त्यामुळे मी सगळं ऐकलं.

"आधी जंताचं औषध द्यायचं, वजनाप्रमाणे," डॉक्टर म्हणाल्या. "मग आठवड्याने पहिली लस, पुढे ठरल्या दिवशी बाकीच्या. सगळ्या होईपर्यंत त्याला रस्त्यावर सोडायचं नाही, दुसऱ्या कुत्र्यांजवळ न्यायचं नाही. बेकरीवाल्याची दोन पिल्लं पार्व्होच्या संसर्गाने गेली. लस दिलीच नव्हती. उलट्या, जुलाब, आणि संपलं. उद्या घेऊन या, वजन मी करते."

"कशाला डॉक्टर? औषधाचं नाव सांगा, मी आणतो. वजनकाटा आहे घरी. एकदम अचूक!"

एकदम अचूक. हे ऐकून माझी सुई जागच्या जागी थरथरली.

वजनाला सगळं घर जमलं. पिल्लू बघायला शेजारच्या काकूही आल्या होत्या. पिल्लाला एकट्याला माझ्यावर ठेवलं तर ते उडी मारायचं, बसायचं, स्वतःच्या शेपटीमागे लागायचं. सुई एकदा एकवर, एकदा नऊवर.

"अरे, तो नाचतोय का काटा नाचतोय?" दादा वैतागला. "आत्या, तू त्याला घेऊन चढ. मग तुझं वजन वजा करू."

आत्या चढली. चाक शून्यावर होतं, कारण सगळ्यांसमोर ते मागे कसं करणार? सुई चौऱ्याहत्तरवर थांबली.

"चौऱ्याहत्तर. आता तू एकटी चढ."

आत्याने काकूंकडे पाहिलं. काकू काचेवर वाकल्या होत्या. तपासनीस तरी इतका वाकायचा नाही.

"परत कशाला चढायचं? माझं बासष्ट आहे ना. सगळ्यांना माहितीये."

"चौऱ्याहत्तरातून बासष्ट गेले," चिमणीने बोटं मोजली, "बारा!"

"बारा किलो!" दादाची छाती फुगली. "दोन महिन्यांचा आणि बारा किलो! पैलवान आहे पैलवान!"

अशा रीतीने त्याचं बारसं झालं. पैलवानाने जांभई दिली आणि तो आत्याच्या कोपरात मावला. सगळाच्या सगळा.

आत्याला माहीत होतं. तिच्या कापडाचा गठ्ठा बारा किलोचा असतो. तो ती जिन्याने दोन्ही हातांनी, कण्हत वर आणते. आणि हे बारा किलो ती एका हातावर घेऊन दुसऱ्या हाताने चहा पीत होती. तिचं तोंड उघडलं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "बाई, बासष्ट टिकवलंत हो तुम्ही!" आणि तोंड मिटलं.

मी तर ओरडायला हवं होतं. पण मला फक्त सुई आहे, आणि माझ्यावर कोणी उभंच नव्हतं.

दादाने औषध आणलं. दर किलोला एक मिली, असं बाटलीवर लिहिलेलं. त्याने बिनसुईच्या सिरिंजमध्ये बारा मिली भरलं.

"दादा, जरा कमी दिलं तर?" आत्या हळूच म्हणाली.

"कमी? बारा किलोच्या पैलवानाला कमी? जंत हसतील मला!"

आत्यानेच पिल्लाला धरलं होतं. औषध गोड असावं. पैलवानाने सगळं गिळलं, वर सिरिंज चाटली आणि मग तिची बोटंही चाटली.

दुपारी तो ओकला. मग पुन्हा. मग जुलाब सुरू झाले. तोंडातून लाळ गळायला लागली. सकाळी माझा कोपरा चावणारं ते ध्यान, आता पंख्याची सावली हलली तरी मान उचलेना. चिमणी त्याच्याजवळ जमिनीवर आडवी झाली आणि विचारत राहिली, "आत्या, बेकरीवाल्याच्या पिल्लांना असंच झालं होतं का गं?"

आत्या उठली. ती बाथरूमच्या दाराशी येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. जगात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकालाच तोंड होतं.

दादाने फोन लावला. घाईतही स्पीकर विसरला नाही.

"औषध किती दिलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"बारा मिली. वजन बारा किलो."

"बारा? दोन महिन्यांचं पिल्लू?"

"मोठ्या जातीचं आहे हो. आणि काट्यावर करून बघितलंय, समोर!"

"मग औषध जास्त झालेलं नाही. लस नाही, उलट्या, जुलाब... पार्व्हो धरूनच चालावं लागेल. टॉवेलात गुंडाळून मागच्या दाराने आणा. माझ्याकडे पार्व्होची दोन पिल्लं मागच्या खोलीत आहेत, त्यांच्यातच ठेवावं लागेल. तुम्हाला भेटता येणार नाही."

चिमणीने हुंदका दिला. वहिनी टॉवेल आणायला धावली.

आणि आत्याला कळून चुकलं. पैलवानाला पार्व्हो झाला नव्हता. पण त्या खोलीत गेला असता, तर झाला असता. फक्त बासष्टमुळे.

तिने मला कानाला धरून उचलावं तसं उचललं, हॉलच्या मधोमध आदळलं, सगळ्यांसमोर माझं चाक शून्यावर आहे ते दाखवलं आणि चढली. एकटी. चष्म्यासकट, चिमट्यासकट.

"बघा! नीट वाकून बघा!"

दादा वाकला. वहिनी टॉवेल घेऊन वाकली. रडणं ऐकून दारात आलेल्या काकू तर सगळ्यात आधी वाकल्या.

"सत्तर," दादा म्हणाला. मग तो भला भाऊ बहिणीच्या खोट्यावर स्वतःच पांघरूण घालू लागला. "काटा बिघडलाय. भंगारात टाकतो उद्या."

मित्रांनो, खरं सांगतो, त्या क्षणी मला भंगारात जायलाही हरकत नव्हती.

"काटा नाही बिघडला," आत्या म्हणाली. "मी बिघडवत होते. रोज. तुझ्या काकड्यासुद्धा माझ्यामुळेच!" मग ती फोनकडे तोंड करून ओरडली, "डॉक्टर! सत्तर! माझं वजन सत्तर आहे!"

"अहो बाई, तुमचं कशाला सांगताय? पिल्लाचं सांगा!"

"तेच सांगतेय! चौऱ्याहत्तरातून सत्तर गेले, चार! चार किलोचं आहे ते! त्याला तिप्पट औषध गेलंय माझ्यामुळे! त्या खोलीत नका ठेवू त्याला, हात जोडते!"

मग डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात हसू होतं की सुटकेचा श्वास, ते मला ओळखता आलं नाही. "पुढच्या दाराने आणा. तपासणी करतेच, पण वेगळ्या खोलीत. सलाईन लावू. आणि बाई, तुम्ही येताना तो काटा नका आणू. माझ्याकडे आहे."

तपासणीत पार्व्हो निघाला नाही. दुसऱ्या दिवशी पैलवान परत आला आणि थेट माझ्या उरलेल्या कोपऱ्याकडे गेला. अंगात ताकद येईपर्यंत लस मात्र पुढे ढकलावी लागली. ते सगळे दिवस आत्या दाराशी स्टूल टाकून, तिथेच शिवत बसायची. कोणी चप्पल घालून आत आलं की ओरडायची, "बाहेर! रस्ता पायाला लावून येता का माझ्या पैलवानाजवळ?" गिऱ्हाइकं घाबरून अनवाणी मापं द्यायची. ती काळजी होती, आणि काळजीच्या आत दुसरंही काही होतं. मला ते लगेच ओळखू आलं, माझ्या स्प्रिंगमध्येही तेच होतं.

काकूंनी "सत्तर" सगळ्या जिन्याला सांगितलं, अर्थातच. आत्याने तेही ऐकून घेतलं. मग एक दिवस काकू हळूच माझ्यापाशी आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि हात चाकाकडे नेला. चाक हललं नाही. आत्याने शून्यावर आणून त्यात नेलपॉलिश ओतलं होतं. लाल. काकू चढल्या, सुईकडे पाहिलं आणि तडक घरी गेल्या. किती आले ते मी सांगणार नाही. मी गुणी आहे, चुगलखोर नाही.

पहिली लस झाली. मग पुढच्या झाल्या, रेबीजचीही झाली. प्रत्येक वेळी जंताच्या औषधाआधी आत्या एकटी माझ्यावर चढायची, आकडा मोठ्याने म्हणायची, आणि मग पैलवानाला घेऊन चढायची. आकडा काही कमी झाला नाही हो. फक्त खरा झाला.

तर मित्रांनो, घरी पिल्लू आणलंत तर त्याला वेळेवर लस द्या, जंताचं औषध डॉक्टरांना विचारून, वजन करून द्या, आणि लशी पूर्ण होईपर्यंत त्याला जपा. ते बिचारं वजन सांगू शकत नाही. तुम्ही जो आकडा सांगाल, तो त्याच्या पोटात जातो. आणि कोणी माझ्यावर उभं असेल, तर कृपा करून वाकून बघू नका. कदाचित तिथूनच सगळं सुरू होतं.

परवा पैलवान स्वतःहून माझ्यावर येऊन बसला. आता तो नाचत नाही, बसतो. आत्या सुईत दोरा ओवत होती. तिने सहज माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि दोरा हातातच राहिला.

सुई बारावर थांबली होती. बरोबर बारावर.

आत्या खाली बसली, ओढणीने माझी काच पुसली आणि पैलवानाच्या मानेत तोंड खुपसून बराच वेळ तशीच राहिली. तो श्वास घेत होता, तेवढी माझी सुई हलत होती.