कणगीचा तळ

पाचवी माळ चढली तरी भागम्माच्या घटातली माती काळीच होती. एरवी तिसऱ्या माळेला पांढरी टोकं वर येत आणि पाचवीला घट असा हिरवा होई की शेजारणी बघायला येत. बघायला येणाऱ्यांचा भागम्माला कधी कंटाळा नव्हता.

"पाणी जादा झालं आसंल," नवरा ईश्वरअप्पा म्हणाले.

"चाळीस वर्सं मीच पाणी घालायले. आवंदाच जादा झालं व्हय?"

पोखर्णीत बाकीच्या घरांत घटात पाच-सात धान्यं मिसळून पेरतात. या घरात एकच, सासूकडून आलेली दगडी ज्वारी. दाणा बारका, कडबा उंच. पावसानं दगा दिला तरी पदरात काहीतरी टाकणारी. साऱ्या गावानं विकतचं, पिशवीतलं बियाणं धरलं, भागम्मानं हे सोडलं नाही. मायेनं म्हणा, हट्टानं म्हणा. थोडा तोराही होताच. घटात दाणा कसा उगवतो ते बघायचं आणि दसऱ्यानंतर पेरायचं, हा तिचा नेम.

यंदा शिमग्याच्या सुमारास एका संस्थेची माणसं आली. उद्याची शेती असल्याच बियाण्यावर उभी राहणार, असं त्यांनी पारावर सांगितलं. पत्र्याची एक खोली उभी केली, वर 'बीज बँक' लिहिलं आणि खाली भागम्माचं नाव. मग शाल, नारळ, फोटो.

कणगीचा तळ दिसू द्यायचा नाही, ओंजळभर मागं ठेवायचंच, ही सासूची शिस्त. अप्पांनी तेव्हा आठवणही करून दिली. पण शाल अंगावर होती.

"शाल घिऊन वंजळभर चोरून ठिवू? लोकं काय म्हनतेन?" असं म्हणत तिनं कणगी पालथी करून झाडली आणि सगळं बी बँकेला दिलं.

त्याच्या दोन दिवस आधीच अवकाळी पाऊस पडून दाणा सादळला होता. दाण्याला एक ऊन द्या, राख लावा, असं तिनं संस्थेतल्या श्रद्धाला सांगितलं. पोरगी गुणाची, हसून म्हणाली की ड्रम हवाबंद आहेत, राखेचं कामच नाही. राखेनं मळलेलं बी फोटोत बरं दिसलं नसतं, हेही खरंच. मग सगळा उन्हाळा ते ओलसर बी पत्र्याखाली, बंद ड्रमात राहिलं. घटापुरतं आणि पेरण्यापुरतं त्यातूनच परत आलं होतं.

सहाव्या माळेला भागम्मा बीज बँकेत गेली. श्रद्धानं ड्रम उघडला तशी आंबूस वाफ आली. भागम्मानं एक दाणा दाताखाली धरला. कट्‌कन वाजायला हवा होता. तो पिठासारखा दबला. तिनं तो तोंडातून काढला आणि पदराच्या गाठीत बांधला.

हे वाण आणखी कुठं आहे का, तिनं विचारलं. श्रद्धानं वही चाळली. जिंतूरपर्यंत फिरून ते एकाच घरात सापडलं होतं. म्हणून तर शाल दिली होती.

"आजी," श्रद्धा खाली बघत म्हणाली, "पाटीवरचं नाव तसंच राहील."

"राहू दी, बाई. नाव कोन पेरायलंय."

घरी येऊन तिनं अप्पांना एवढंच सांगितलं, "तळ मीच झाडला." मी सांगत होतो, असं म्हणायची संधी अप्पांना उभ्या संसारात फार थोड्या वेळा मिळाली होती. ही त्यांनी सोडून दिली. परभणीहून पिशवी आणतो, म्हणाले.

दसऱ्याला शेजारची गीताबाई आपल्या घटातलं हिरवं धान ताटात घेऊन आली. घटाला कुणाचा तरी विटाळ झाला असणार, हे तिनं गावभर सांगून झालं होतं.

"ह्यातलं खोवा, अक्का. अप्पांची टोपी रिकामी नगं."

भागम्मानं तिला हळदीकुंकू लावलं आणि ताट तसंच परत दिलं.

लिंगपूजा उरकून अप्पा दरवर्षीसारखे उंबऱ्यावर बसले, मान खाली घालून. घटातलं धान त्यांच्या टोपीच्या घडीत खोवायचं ते तिनंच. तिनं टोपीच्या घडीत नुसतंच बोट घातलं, डावीकडून उजवीकडे नेलं आणि घडी दाबून बसवली.

अप्पा उठले. नरसिंहाच्या देवळापर्यंत त्यांनी टोपी एका हातानं धरून ठेवली होती. वारं नव्हतं.