वाळूवरची दुसरी फेरी

"खलास, पाठारेजी! साइन करो. अरबाब को निकलना है," असं म्हणत शोभना मॅडमनी निकालाचा कागद गुणवंत पाठाऱ्यांच्या नाकासमोर धरला.

पाठाऱ्यांनी कागद घेतला नाही. ते समोरच्या वाळूच्या टेकडीकडे बघत होते आणि तिच्यावर त्यांचा राग आवरत नव्हता. दोन दिवस खपून सरळ केलेलं काम तिनं तासाभरात वाकडं करून ठेवलं होतं.

टेकडी दुबईबाहेरच्या हत्ता रस्त्याच्या कडेची, वर्ष २००२, मार्चमधला शुक्रवार. स्पर्धा होती पुरुषांच्या पॅरलल जायंट स्लॅलमची. मुळात हा बर्फावरचा खेळ. दोन्ही पाय एका फळीला बांधायचे आणि काठ्यांना लावलेल्या झेंड्यांना वळसे घालत उतारावरून खाली यायचं. दोघे जण एकाच वेळी सुटतात, एक लाल झेंड्यांच्या वाटेनं आणि दुसरा निळ्या. मग वाटा बदलून पुन्हा एकदा. दोन्ही फेऱ्यांची वेळ मिळून ज्याची कमी, तो जिंकला. गेल्याच महिन्यात हिवाळी ऑलिम्पिकमध्ये लोकांनी तो टीव्हीवर पाहिला आणि शोभना मॅडमच्या इव्हेंट कंपनीच्या डोक्यात किडा वळवळला. दुबईत बर्फ फक्त फ्रीजरमध्ये. पण वाळू हवी तेवढी. खेळाच्या सामानाचा एक दुकानदार, म्हणजे आजचा अरबाब, आजचा मालक, बक्षीस द्यायला तयार झाला. जिंकेल त्याला दोन आठवडे ऑस्ट्रियात, खऱ्या बर्फावर शिकायला.

वाटा आखायला माणूस हवा होता. एका बांधकाम कंपनीत एकवीस वर्षं जमीन मोजणाऱ्या पाठाऱ्यांना कुणीतरी गाठलं. हे गृहस्थ अल मनखूलमधल्या स्वतःच्या घरात भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा ओळंबा लावून टांगणारे. त्यांनी तिपाई रोवली, लेव्हल लावली आणि दोन्ही वाटांच्या उतारात बोटभराचाही फरक राहू दिला नाही. वेळ मोजून निकालावर सही करायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं. फुकट केलं सगळं. मुलगा स्पर्धेत उतरणार होता, हेही त्यांनी शोभना मॅडमना आधीच सांगून ठेवलं होतं.

तो मुलगा, निनाद, वीस वर्षांचा. बर्फाचा कणसुद्धा कधी न पाहिलेला, पण त्याच्या खोलीच्या चारही भिंतींवर बर्फच बर्फ. पोरगं गेले दोन हिवाळे दर शुक्रवारी वाळूत पडत-उठत होतं. आज एकेकाला मागे टाकत ते अंतिम फेरीत पोहोचलं. समोर कोण, तर तिथल्याच सफारी कॅम्पचा ड्रायव्हर लियाकत. स्वातचा. लहानपणी गावाकडच्या बर्फावर लाकडी फळकुटावरून घसरलेला.

अंतिम सामन्याच्या पहिल्या फेरीत निनाद लाल वाटेवर होता, लियाकत निळ्या. पाठारे खाली रेषेवर दोन हातांत दोन स्टॉपवॉच घेऊन उभे. निनाद चोवीस पॉइंट तीन, लियाकत पंचवीस पॉइंट एक. पाठाऱ्यांनी दोन्ही वेळा खणखणीत आवाजात सांगितल्या. टाळ्या पडल्या. निनादची आई, प्रमिलाबाई, घडीच्या खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या.

पण त्याआधीच शमाल सुटला होता, वायव्येकडून येणारा कोरडा वारा. निळी वाट त्याच्या तोंडावर. सातव्या झेंड्यापासून खाली तिच्यावर भुसभुशीत वाळूचा थर चढला होता आणि लाल वाट होती तशीच टणक राहिली होती. बाकीच्यांना दोन्ही वाटा सारख्याच दिसत होत्या. पाठाऱ्यांना दिसत नव्हत्या.

"दुसरी फेरी झाल्याशिवाय मी सही करणार नाही," पाठारे म्हणाले. मग मॅडमना कळावं म्हणून हिंदीत, "सेकंड रन बाकी है. ब्लू लाइन स्लो हो गया है."

"अरे, आपका ही बेटा जीत रहा है!" शोभना मॅडमना हसावं की रडावं कळेना. त्यांनी आवाज खाली आणला. "और सोचिए, वो पाकिस्तानी ड्रायव्हर है. ऑस्ट्रिया का व्हिसा कौन देगा उसको? टिकट वेस्ट होगा."

"व्हिसा एम्बसी देखेगी. मैं लाइन देखता हूँ."

हे ऐकून लियाकतच जवळ आला. कानामागची वाळू झाडत हळूच म्हणाला, "रहने दो साहब. लड़का अच्छा है. जाने दो उसको."

"तेरे लिए नहीं कर रहा," पाठारे त्याच्यावर उखडले. "मेरी लाइन है. टेढ़ी हो गयी है."

खरं तर हा उखडलेला आवाज दहा वर्षं उशिरा आला होता. ब्याण्णव साली व्हिलांच्या एका रांगेची लेव्हल न घेताच असाच कागद समोर आला होता, साइन करो म्हणून. त्यांचा व्हिसा रिन्यू व्हायचा होता, घरात दहा वर्षांचं पोर होतं. त्यांनी सही केली. पुढच्या हिवाळ्यातल्या पहिल्या पावसात अंगणातलं पाणी बारा स्वयंपाकघरांत शिरलं. कुणी त्यांना बोल लावला नाही. उलट त्या वर्षी पगार वाढला, आणि ती वाढ त्यांच्या घशात आजवर अडकून होती.

निनाद तावातावानं आला. फळी अजून पायाला, त्यामुळे बेडकासारखा उड्या मारत. "बाबा, आर यू सीरियस? आय वन!"

"अर्धं जिंकलास."

"एव्हरीवन सेज इट्स ओव्हर! हूज साइड आर यू ऑन?"

"कुणाच्याच नाही. दोन्ही वाटांच्या मधोमध उभा आहे मी, दिसत नाही का?"

"अहो," आता प्रमिलाबाई पुढे आल्या. डोळ्यांत पाणी आणि आवाजात धार. "एकुलता एक पोरगा. त्याच्या तोंडचा घास काढून घेताय तुम्ही. काय मिळणार आहे तुम्हाला?"

मिळणार काहीच नव्हतं, हे पाठाऱ्यांना बायकोपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांना मुलाकडे बघवेना. पण पाय जागचे हलले नाहीत. घड्याळं त्यांच्या हातात होती आणि सहीही त्यांचीच लागत होती. "फेरी झाल्याशिवाय निकाल नाही," एवढंच ते पुन्हा म्हणाले, या वेळी अरबाबलाही ऐकू जाईल असं.

अरबाबनं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, शोभना मॅडमकडे पाहिलं आणि मग या पिकल्या केसांच्या हट्टी माणसाकडे पाहून खांदे उडवले. "यल्ला," तो म्हणाला. "क्विक."

निनादनं पायाची फळी सोडून बगलेत मारली आणि तो ताडताड टेकडी चढू लागला. वर पोहोचल्यावर त्यानं फळीच्या तळाला मेण असं घासलं, की जणू बापालाच घासतोय. मग तो निळ्या वाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

बावटा पडला. सहाव्या झेंड्यापर्यंत पोरगं पुढे होतं. भुसभुशीत वाळू पुढे आहे हे ठाऊक असूनही त्यानं वेग कमी केला नाही. पाठाऱ्यांच्या मनात आलं, जिंक बाबा, मला खोटं पाड, जिंक. आठव्या झेंड्यापाशी फळीचं नाक वाळूत रुतलं आणि निनाद उलटापालटा होत नववा झेंडा चुकवून त्याच्या बराच खाली घसरत गेला.

लियाकत रेषेवर आला. पाठाऱ्यांच्या उजव्या हातातलं घड्याळ थांबलं. "चोवीस पॉइंट आठ," त्यांनी मोठ्यानं सांगितलं.

पुढचं भराभर झालं. अरबाबनं लियाकतशी हात मिळवला, चषक त्याच्या हातात ठेवला, फोटो निघाला, गाडीची दारं आपटली. शोभना मॅडमची माणसं खुर्च्या दुमडायला लागली. कागदावर निनादच्या नावापुढे आडवी रेघ मारून मॅडमनी हात पुढे केला, "चलो, अब तो साइन करोगे?"

"रेस चालू है मॅडम," पाठारे म्हणाले. त्यांच्या डाव्या हातातलं घड्याळ पळत होतं.

वर निनाद उठला होता. त्यानं पायाची फळी सोडली, तोंडातली वाळू थुंकली आणि तो उलटा वर चढायला लागला. पाऊल टाकलं की वाळू त्याला अर्धं पाऊल खाली ओढत होती. चुकलेल्या नवव्या झेंड्याच्या वर पोहोचून तो बसला आणि फळी पुन्हा पायाला बांधू लागला. पट्टा दोनदा निसटला.

"काय करतोय हा?" प्रमिलाबाई पुटपुटल्या.

कुणावर चिडून पोरगं हे करतंय, ते पाठाऱ्यांना पुरेपूर कळत होतं, आणि तरीही छाती भरून येत होती. लियाकतनं चषक वाळूत ठेवला आणि तो त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

निनादनं नवव्या झेंड्याला वळसा घातला. मग दहाव्या, अकराव्या, बाराव्या. हळू, पण एकही न चुकवता. बापाच्या अगदी समोरून, बापाच्या डोळ्यांत बघत त्यानं रेषा ओलांडली.

पाठाऱ्यांनी बटण दाबलं.

"निनाद पाठारे," त्या दुमडलेल्या खुर्च्यांपुढे ते पहिल्या फेरीसारख्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "पाच मिनिटं अठ्ठेचाळीस पॉइंट सहा."