दोन सेंटिमीटरवरचं बंगळूर

मित्रांनो, मी वडनेरच्या शाळेतला एक जुना पृथ्वीगोल आहे. अंगाने पत्र्याचा, म्हणून टिकलो. कारखान्यात दोन अर्धगोल जोडून मला घडवलं, वर नकाशा चिकटवला आणि तिरप्या दांड्यावर बसवलं. शाळेत आलो तेव्हा मला फिरवायला मुलांची रांग लागायची. आता वर्गात मोठा पडदा आला, मी कपाटावर गेलो. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

भूगोलाचे अच्युत गुरुजी मात्र मला विसरले नाहीत. त्यांची मुलगी स्वरदा बंगळूरला नोकरीला लागली, तेव्हा त्यांनी माझ्यावर दोरा लावून, आमचं जवळचं विमानतळ असलेल्या नागपूरपासून बंगळूरपर्यंतचं अंतर मोजलं. माझ्यावर ते जेमतेम दोन सेंटिमीटर, म्हणजे सरळ रेषेत सुमारे नऊशे किलोमीटर. विमानाला पावणेदोन तास. हिशेब बरोबर निघाला आणि मी फुशारलो.

गेल्या हिवाळ्यात स्वरदाच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. संध्याकाळी सहाला तिला आत नेणार होते. त्याआधी बाबांना एकदा पाहायचं, एवढंच तिचं मागणं होतं. गुरुजींनी कळवलं, दुपारी दोनचं विमान आहे, पाचला तुझ्याजवळ पोचतो.

आमच्या गावात चिंधूभाऊंची एसटी गुरुजींच्या गल्लीशी दोनदा हॉर्न वाजवते आणि ते येईपर्यंत थांबते. चिंधूभाऊ त्यांचेच विद्यार्थी. वर्षानुवर्षं असाच प्रवास केलेल्या गुरुजींना विमानाचंही तसंच वाटलं. ते अकराला निघाले, गाडी वाटेत जाम गावी थांबली तेव्हा निवांत चहा प्यायले आणि पावणेदोनला विमानतळावर पोचले. प्रवाशांची नोंद करायची खिडकी विमान सुटण्याच्या तासभर आधीच, म्हणजे एकलाच, बंद झाली होती. विमान अजून उभं होतं, पण त्यांच्यासाठी नव्हतं. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी.

हे मला कळलं ते पंधरा दिवसांनी. गुरुजींनी मला खाली काढलं, फडक्याने पुसलं आणि आठवीच्या वर्गाला सगळं सांगितलं. सहजासहजी चूक कबूल करणारा हा माणूस नव्हे.

"पोरगी आता बरी आहे," ते म्हणाले. "पण आत नेईपर्यंत दाराकडं पाहत राह्यली. शुद्धीवर आल्यावर मले म्हणते, बाबा, तुमी तं दोन तासांवरच होते न?"

गुंजन नावाच्या मुलीने हळूच विचारलं, "मंग गुरुजी, खरं किती तास धरायचे होते?"

गुरुजींनी फळ्यावर मांडलं. घर ते विमानतळ पावणेतीन तास, तिथे आधी पोचायचे दोन, उड्डाण पावणेदोन, तिकडे दवाखान्यापर्यंत सव्वा. एकूण पावणेआठ. त्याखाली त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे शून्य गुण दिले.

मित्रांनो, मला अधूनमधून फिरवत जा, मला आवडेल. पण माझ्यावर बोट ठेवून आपलं माणूस जवळ आहे असं समजू नका. माझ्यावर देश आहेत, समुद्र आहेत. कुणाचं दार नाही. त्या दाराकडे कुणी डोळे लावून बसलं असेल, तर घरून लवकर निघा.